आभाळाचं पाणी

लातूर, भाद्रपद शुद्ध दशमी, शके १८६६

“पिळू नको गं, गळू दे. पाणी आपल्या पायानं जातंय.”

नांदेडच्या घाटावर सासूबाई मला हे म्हणाल्या तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. माझ्या हातात त्यांचं हिरवं इरकली लुगडं होतं, आणि माहेरी शिकले होते तसं मी ते दोन्ही टोकांनी धरून दोरखंडासारखं आवळत होते. त्यांनी ते माझ्या हातून ओढून घेतलं नाही. तेवढं बोलल्या आणि आपल्या धुण्याकडे वळल्या. मी लुगडं पायरीवर ठेवलं. त्यातलं पाणी पायरी-पायरीने उतरत परत गोदावरीत जाऊ लागलं आणि आम्ही दोघी उन्हात बसून ते बघत राहिलो. या घरात आपल्याला बरं वाटेल, हे मला त्या दिवशी कळलं.

आज पेटी उघडली आणि तेच लुगडं हाताला लागलं. त्याच्याखाली त्यांची काळी चंद्रकळा. जायच्या आदल्या वर्षी त्यांनी दोन्ही माझ्या हातात दिली होती. म्हणाल्या, “ही कुसुमच्या लेकराला. जित्तेपणी देते, म्हंजे मेलेल्या बाईचं कापड म्हणून कुणी नाक मुरडायचं न्हाई.”

आमच्याकडे बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या सवाष्णीचं जुनेर घ्यायचं, मऊ करायचं आणि त्याची दुपटी, बाळोती फाडायची. तिचं आयुष्य बाळाला लागतं म्हणतात. आयुष्याचं मला माहीत नाही, पण नव्या कापडाची खळ कोवळ्या कातडीला ओरखडते, हे खरं. आणि लढाईपायी बाजारात धड कापड मिळतंय कुठं?

कुसुमला, माझ्या लेकीला, सातवा लागला आहे. मागच्या वर्षीचं पहिलं बाळंतपण इथेच झालं, पण ते बाळंतपण म्हणवत नाही. आठव्यातच पोटातलं गेलं. आता पुन्हा देवाने दिलं आहे. सातवा सरण्याआधी तिला इकडे आणायलाच हवं, नंतर प्रवास करू देत नाहीत. ह्यांना सांगून निलंग्याला, तिच्या सासरी, कार्ड टाकलं आहे.

दोन्ही लुगडी मी स्वतः धुणार. परटाला देऊन दगडावर आपटून घ्यायची ती नव्हेत.

भाद्रपद शुद्ध द्वादशी

इथल्या विहिरीचं पाणी खारं. रिठ्याचा फेस त्यात धरतच नाही, दुधासारखा फाटतो, आणि वाळल्यावर कापडावर पांढरी पूड बसते. नांदेड सोडून लातूरला बदली झाली तेव्हा मला सगळ्यांत जास्त दुःख कशाचं झालं असेल, तर पाण्याचं. लोक हसतील म्हणून कुणाला सांगितलं नाही. गोदावरीच्या पाण्यात मूठभर रिठ्यात घरादाराचं धुणं व्हायचं.

म्हणून आभाळाचं पाणी धरायचं ठरवलं. माळवदाच्या पन्हाळीतून येतं ते मातीचं, गढूळ. मी ह्यांचं धुतलेलं धोतर अंगणात चार खुंट्यांना बांधलं, मधोमध एक खडा टाकला आणि खाली हंडा ठेवला. दुपारी सर आली. खड्याच्या बाजूने धार लागली ती अगदी काचेसारखी.

हे शाळेतून आले ते दारातच थांबले. म्हणाले, “माझं धोतर आभाळाला नेसवलंस काय?”

“तुमच्या नातवासाठी.”

“नातू अजून आला न्हाई, आणि माझं धोतर गेलं. चहाला पातेलं तरी शिल्लक ठेवलंस, का तेही पावसात ठेवलंस?”

पातेलंही पावसातच होतं.

भाद्रपद शुद्ध चतुर्दशी

आज हिरवं लुगडं धुतलं. रिठे रात्रीच फोडून, बिया काढून कोमट पाण्यात टाकले होते. सकाळी कुस्करून, फडक्यातून गाळून घेतले. गाळायचं विसरलं तर टरफलाचा एखादा कण कापडात अडकतो आणि बाळाला टोचतो. लुगडं पाण्यात सोडलं आणि हाताच्या तळव्याने नुसतं खाली दाबत राहिले. दाबायचं, सोडायचं. घासायचं नाही, चोळायचं नाही. आत्याबाई म्हणायच्या, जुनं कापड म्हंजे म्हाताऱ्या माणसाचं अंग, तसं धरावं. भिजलेलं लुगडं एका टोकाला धरून उचलायचंही नाही, आपल्याच वजनाने फाटतं. दोन्ही हात खाली घालून, लेकरू उचलावं तसं उचलायचं.

पाण्याचा रंग चहासारखा झाला. पेटीत दडलेली किती वर्षं निघाली कोण जाणे. दुसऱ्या पाण्याला थोडा कमी, तिसऱ्याला आणखी. पाणी स्वच्छ निघेपर्यंत मी काही थांबले नाही.

केवळाबाई दूध घेऊन आली ती ओट्यावर टेकलीच. जवळच्या वाडीतून येते, जिभेला हाड नाही.

“काय करून राहिल्या मास्तरीणबाई? लुगडं धुवून राहिल्या का त्याला न्हाऊ घालून राहिल्या?”

“न्हाऊच घालतेय.”

“आमच्यात बडवलं, झटकलं, काट्यावर टाकलं. ऱ्हायलं तर ऱ्हायलं.” मग जवळ येऊन तिने काठाला बोट लावलं. “लई मऊ झालंय की वो! ह्याच्यावर तर मीबी निजंन.”

मी पाणी हाताने निपटलं नाही, पिळलं नाही. बाजेवर चादर अंथरून सावलीत पसरलं आणि गळू दिलं. ठिबकण्याचा आवाज येत होता तोपर्यंत जेवायला उठले नाही.

चंद्रकळेपुरतं पाणी उरलं नाही. तिच्यासाठी पुन्हा पावसाची वाट बघायची.

भाद्रपद पौर्णिमा

कुसुमचं कार्ड आलं. “मी बरी आहे. इकडे सगळे नीट पाहतात. सध्या येणं जमेलसं वाटत नाही. काळजी करू नये.” एवढंच.

ही माझ्या कुसुमची भाषा नव्हे. ती लिहायला बसली की कार्डाच्या पत्त्याच्या बाजूलाही मुंगीएवढी अक्षरं घालते. विहीणबाई शेजारी बसून सांगत असणार आणि ती लिहीत असणार. या सौदामिनीबाईंचा मान लग्नातही सांभाळावा लागला होता.

ह्यांना कार्ड दाखवलं. ह्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं. मग म्हणाले, “तिनं लिहिलंय तेवढंच वाच.”

मी आजच उलट कार्ड टाकलं.

भाद्रपद वद्य पंचमी

उत्तर नाही. पितृपंधरवडा चालू आहे, या दिवसांत लेकीला पाठवत नसतील. तसंच असणार. आज आणखी एक कार्ड टाकलं, त्यात लिहिलं की पंधरवडा संपताच न्यायला येतो.

हे म्हणाले, “टपालवाला आता आपल्याच घरी जेवायला ठेवावा.”

मधल्या बारीक सरींचं पाणी धरून हिरवं लुगडं आणखी दोनदा धुतलं, चंद्रकळेपुरतं काही साठलं नाही. आता ते हातात धरलं तर हातात काही आहे असं वाटत नाही.

भाद्रपद वद्य नवमी

आज अविधवा नवमी. आत्याबाई अहेव गेल्या म्हणून त्यांचं आज करायचं. सवाष्ण जेवायला घातली, तिला खण दिला. पानात चुक्याची भाजी वाढताना डोळे भरून आले. ती त्यांना फार आवडायची. नांदेडच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून त्या तपकीर ओढत आणि मामंजींची चाहूल लागली की डबी निऱ्यांत लपवत. सगळ्या घराला ठाऊक होतं. मामंजीही मुद्दाम खाकरून यायचे, डबी लपवायला वेळ मिळावा म्हणून.

कुसुम बारा वर्षांची होईपर्यंत त्यांच्या वाकळीत निजायची. मी आत घेऊन निजवलं तरी पहाटे तिकडेच सापडायची. आत्याबाई गेल्या तेव्हा ती सासरी होती. आली ती कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेशी जाऊन बसली. वाकळ मागितली. मी ती तोवर धुऊन ब्राह्मणाला देऊन टाकली होती, तसंच करायचं असतं.

मागच्या वर्षीचंही आज सारखं आठवतंय. सुईण गेली तेव्हा कुसुम थकून गाढ झोपली होती. बाळ घटकाभर तिच्या शेजारी ठेवलं होतं, मग पुरुषमाणसं घेऊन गेली. माझ्याच जुन्या लुगड्याचं एक दुपटं तिथे राहिलं होतं. मी तिला जाग येऊ न देता अंगाखालची वाकळ काढली, दुसरी घातली. सगळं धुतलं. जमीन सारवली. तिने डोळे उघडले तेव्हा खोली इतकी स्वच्छ होती की तिला त्रास होईल असं एक काही दिसत नव्हतं. तिने विचारलं, “दुपटं कुठाय?” मी म्हटलं, “धुतलं गं.” पुन्हा तिने काही विचारलं नाही. रडलीही नाही. मला बरं वाटलं होतं. आपल्या हातून एवढं तरी झालं, असं वाटलं होतं.

आश्विन शुद्ध तृतीया

कुसुमचं दुसरं कार्ड. “येत नाही. आग्रह करू नये.”

आता माझ्याने गप्प बसवत नाही. आठवा लागायला आला. ‘आग्रह करू नये’ म्हणे! स्वतःच्या पोरीला आग्रह करायला विहीणबाईंची परवानगी लागते काय? ह्यांना म्हटलं, दसरा झाला की मी स्वतः जाते, बघते कशी पाठवत नाहीत ते.

“मी येऊ?”

“तुम्ही आलात की तुम्ही आणि व्याही पानसुपारी खात बसाल आणि मी परत हात हलवत येईन.”

हे हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, “गोदे, तिथं जाऊन भांडू नको. आधी तिला विचार.”

काय विचारायचं? माहेरी यायचं का, हे का पोरीला विचारायचं असतं?

आश्विन शुद्ध नवमी

खंडेनवमीला ह्यांनी पुस्तकांची पूजा केली, मी पाटा-वरवंट्याची. हिरव्या लुगड्याची घडी घातली. फाडलं नाही अजून. ती आली की तिच्यासमोर फाडायचं. शेवटचं धुतलं तेव्हा पाणी इतकं निवळ निघालं की त्यात माझं तोंड दिसलं.

हस्त लागला, तरी पाऊस नाही. चंद्रकळा तशीच पेटीत आहे.

निलंगा, आश्विन शुद्ध द्वादशी

काल मोटारीने औशावरून आले. आज सकाळी सगळे उठायच्या आत हे लिहिते आहे, कारण घरी जाईपर्यंत राहवणार नाही.

विहीणबाई दारातच भेटल्या. गुडघ्यांना धरून, पण तोंडभर हसून.

“या या, विहीणबाई! मास्तरांना कुठं ठिवलं? पोरं बडवायला?”

“त्यांना शाळेतून रुखसत मिळाली नाही,” मी म्हटलं. खोटंच.

कुसुम आतून आली. चेहरा भरला आहे, पायांवर थोडी सूज आहे. मला बघून हसली, पाया पडायला वाकू लागली, पण मी वाकू दिलं नाही. उद्धवराव, आमचे जावई, गंजाच्या, धान्यबाजाराच्या कामाने बाहेर होते. जेवणं झाली. पान लावता लावता मी विषय काढला. ह्यांनी सांगितलं होतं भांडू नको, म्हणून आवाज खाली ठेवला.

“आता तरी पाठवा हो पोरीला. तुम्ही किती दिवस अडवून धरणार?”

विहीणबाईंच्या हातातला अडकित्ता थांबला.

“मी? मी अडवलं?”

“मग कोण?”

“अहो, मी तर रोज म्हणून राहिले, जा बाई आईकडं. माझ्या ह्या गुडघ्यांच्यानं रात्रीची जाग होणार हाय का? शेक-शेगडी माझ्याच्यानं होणार हाय? मीच म्हटलं, मास्तरांना कार्ड टाक, न्यायला या म्हणावं.” त्या कुसुमकडे वळल्या. “काय गं? सांग की तुझ्या आईला. मी उगं नावं ठिवून घेणार न्हाई.”

कुसुम खाली बघत होती. म्हणाली, “मीच नको म्हटलं, आई.”

विहीणबाई शहाण्या. “दूध उतू गेलं वाटतं,” म्हणून उठल्या. चुलीवर दूध नव्हतं.

मी गाठोडं सोडलं आणि हिरवं लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, “बघ तर खरं, काय आणलंय. आजीनं तुझ्या लेकराला दिलेलं.”

तिने ते दोन्ही हातांत घेतलं. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. लुगडं उचलून तिने त्यात तोंड खुपसलं आणि बराच वेळ तशीच राहिली. मला वाटलं, आता हिचा राग गेला.

तिने तोंड वर काढलं. “आई, ह्याला कसलाच वास नाही.”

“नाहीच! पाणी निवळ निघेपर्यंत धुतलंय. रिठ्यात, आभाळाच्या पाण्यात.”

“तपकिरीचा वास होता आजीच्या लुगड्याला. वेखंडाचा. चुलीचा.”

“बाळाच्या अंगाला तपकिरीचा वास लावतेस की काय?” मी हसत म्हटलं.

ती हसली नाही. घडी मोडली होती ती तिने पुन्हा नीट घातली. माझ्यासारखीच घालते, कडेला कड लावून.

मग ती बोलली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

“मागच्या वर्षी मला जाग आली तर दोरीवर सगळं वाळत होतं. माझ्या अंगाखालची वाकळसुद्धा. सारवलेल्या जमिनीचा वास येत होता. मला वाटलं, मी आजारी होते, काही झालंच नव्हतं. माझ्या शेजारी घटकाभर लेकरू होतं, आई. ते होतं याची एक खूण तू घरात ठेवली नाहीस.”

“अगं, डाग पडला होता त्या दुपट्याला.”

“तेवढा डागच होता माझा.”

बाहेर कुणीतरी बैलाला हाकत होतं. मी म्हटलं, “तुला त्रास होऊ नये म्हणून केलं गं मी.”

“माहीत आहे. तू हळूच धुतलं असशील. पिळलंसुद्धा नसशील.” तिने माझ्या हातावर हात ठेवला. “मला तिथं भीती वाटते, आई. पुन्हा काही झालं तर तू पुन्हा सगळं धुऊन टाकशील. इथं हे लोक गबाळे आहेत. इथं वस्तू पडून राहतात.”

मी विचारलं, “आणि सगळं नीट झालं तर?”

“तर तू बघायला ये.”

बघायला! करायला नव्हे. मग तिने विचारलं, “ते दुपटं आता कुठाय?”

मी सांगितलं की केवळाबाईच्या सुनेला दिलं. तिने मान हलवली. उद्धवराव आले, चहा झाला, हसणं-बोलणं झालं. हिरवं लुगडं तिने फळीवर ठेवलं आहे. वापरीन म्हणाली.

मी आज दुपारच्या मोटारीने निघते.

लातूर, आश्विन शुद्ध त्रयोदशी

हे दारातच उभे होते. माझ्या मागे कुणी उतरत नाही हे पाहून त्यांनी गाठोडं घेतलं. रात्री जेवताना म्हणाले, “भाजी छान झालीय.” भाजीत मीठ नव्हतं.

आश्विन शुद्ध चतुर्दशी

केवळाबाईला विचारलं, “मागच्या वर्षी तुझ्या सुनेला एक दुपटं दिलं होतं, आठवतं?”

“हाव की. पिवळ्या काठाचं.”

“आहे का अजून?”

“आता कुठलं वो! पोरानं फाडलं. मंग कंदिलाची काच पुसाया घेतलं, मंग चुलीपाशी व्हतं…” तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. “का वो मास्तरीणबाई? वाणाचं व्हतं का ते? मला सांगितलं असतं तर मी पेटीत ठिवलं असतं.”

“काही नाही. असंच.”

ती आज दूध जास्त घालून गेली.

त्या दिवशी दुपटं धुतल्यावर मी ते मागच्या दाराशी दगडावर ठेवलं होतं. गळायचं थांबेपर्यंत त्याच्याजवळ बसून होते. उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. कुणी हाक मारली तरी उठले नाही. कुसुमला हे सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तरी तिला काय मिळालं असतं? पण राहिलं.

आश्विन वद्य प्रतिपदा

काल कोजागरीला चंद्र दिसलाच नाही. हे म्हणाले, आटवलेलं दूध कंदिलाला दाखवू. आज दिवसभर हस्ताचा पाऊस कोसळला. मी धोतर बांधलं नव्हतं. हेच भिजत अंगणात गेले आणि त्यांनी बांधलं, वाकडंतिकडं, खडा इतका मोठा टाकला की धोतर फाटायचं. संध्याकाळपर्यंत हंडा भरला, घागर भरली, दोन पातेली भरली. यंदाचा हाच शेवटचा पाऊस असेल.

“घे,” म्हणाले, “तुझ्या काळ्या लुगड्याला झालं पाणी.”

मी रिठे काढले. फोडायला बसले. मग चंद्रकळा पेटीतून काढली आणि पाण्यात घालण्याआधी झटकायला उलगडली.

त्यांनी ती शेवटच्या हिवाळ्यात अंगाभोवती लपेटून घेतली होती, आणि मग स्वतःच्या हाताने घडी घालून दिली होती. पदराच्या टोकाला तपकिरीचा तांबूस ठिपका आहे. कमरेशी, जिथे डबी लपवत, तिथे कापड जरा झिजलं आहे. मी नाकाशी धरली. आधी नुसती पेटीची कोंदट हवा. मग खालून, हळूहळू, वेखंड. मग तपकीर, आणि मला शिंक आली. मग त्याच्याही मागे एक असा वास, ज्याला नाव नाही, घाटावरच्या उन्हात त्यांच्या शेजारी बसलं की यायचा.

हे दारात उभे होते. मी एक टोक त्यांच्याकडे केलं. ते खाली बसले. त्यांनी डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाले, “आई.”

इतक्या वर्षांत मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

रिठे परत डब्यात भरून ठेवले. पाणी तसंच भरलेलं आहे.

आश्विन वद्य तृतीया

आज सकाळी उद्धवराव गंजात तुरीच्या कामाला आले होते, जाताना घरी डोकावले. पोहे केले. कुसुम ठीक आहे, पायांची सूज उतरली आहे. हिरव्या लुगड्याची दुपटी विहीणबाईंनी फाडली आणि कडा कुसुमने शिवल्या, असं म्हणाले. मला बरं वाटलं. माझ्यासमोर फाडली नाहीत, पण फाडली.

मी चंद्रकळा पंच्यात बांधून त्यांच्या हातात दिली.

“हे बाळाखाली घालायचं नाही. कुसुमच्या उशाशी ठेवायचं. धुतलेलं नाही म्हणून सांगा. मुद्दाम.”

ते भिडस्त. गाठोडं हातात घेऊन म्हणाले, “मामी, वास येतोय ह्याला.”

“येऊ द्या. विहीणबाईंनी धुवायला काढलं तर धुऊ देऊ नका.”

“आणि निरोप काही?”

कालपासून मनात होतं. जावयाला कसं सांगायचं म्हणून जीभ अडत होती. ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे खिडकीबाहेर बघत होते. तुझं तू सांग, असं. मोटारीची वेळ होत आली होती.

म्हटलं, “कुसुमला सांगा, बाळ झालं की पहिल्या दिवसाचं एक दुपटं मला पाठव. न धुता.”

“न धुता?” त्यांना वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चुकलं. “म्हंजे… तसंच?”

“तसंच. दुधाचं, तेलाचं, जे काय लागलं असेल त्याच्यासकट.”

ते लाजून हसले. “मामी, ती नाही म्हणेल.”

“नाहीच म्हणेल. म्हणेल, आईच्या हातात गेलं की गेलंच. तिचं बरोबर आहे. तरी तुम्ही सांगा. म्हणावं, आई मागतेय, तिच्या घरात भांडी भरून आभाळाचं पाणी आहे, आणि ती ते दुपटं त्यात बुडवणार नाही. पेटीत ठेवीन. असेल त्या घडीत, जसं येईल तसं. एकच दे म्हणावं, कुसुम.”